हुतात्मा अनंत कान्हेरे आणि खिशातले पिस्तूल

आमच्या घरी एक भरमार बंदूक होती. परवाना आजाच्या नावावर होता. धान लोंबीवर आले की रात्री रानडुकरे बांध्यांत शिरत, म्हणून आजा ती घेऊन मचाणावर बसे. लहानपणी त्याच्याजवळ घोंगडी पांघरून मीही कितीतरी रात्री जागून काढल्या आहेत. आधी नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली तांब्याची बारीकशी टोपी बसवायची. एवढा खटाटोप करून बार निघणार एकच! तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर नाल्यापार. त्यामुळे आजा नेम धरून बराच वेळ नुसताच बसून राही, आणि पुष्कळदा बार न काढताच बंदूक खाली ठेवी. निघालेला बार पुन्हा नळीत घालता येत नाही, असे तो मला नेहमी सांगायचा. आजा वारल्यावर बंदूक रीतसर जमा केली. टोप्यांची रिकामी डबी तेवढी घरात राहिली आहे. तिच्यात आई आता सुया ठेवते.

कॉलेजात पाऊल टाकणारा आमच्या घरातला मी पहिलाच. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास घेतला आणि क्रांतिकारकांचे प्रकरण वाचताना अनंत लक्ष्मण कान्हेरे हे नाव भेटले. नाव शाळेतही वाचले होते. पण तेव्हा त्याच्या वयाकडे लक्ष गेले नव्हते. तो फाशी गेला तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. मी आज एकोणीस वर्षांचा आहे. त्यामुळे मोठ्या माणसांबद्दल लिहितात तसे आदरार्थी लिहायला माझी लेखणी धजत नाही. मी त्याला अनंतच म्हणणार आहे. वाचकांनी त्यात अनादर मानू नये.

अनंत मूळचा कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचा. त्याचा जन्म १८९२ सालचा. घरची स्थिती बेताची. कोकणातली अनेक मुले तेव्हा शिक्षणासाठी नातेवाइकांच्या आधाराने दूर जात, तसा अनंतही औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मामांकडे आला. औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. पुढे तो गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरी खोली घेऊन राहिला. या गंगारामशी त्याची दाट मैत्री जमली. त्या मैत्रीवर अनंतने 'मित्रप्रेम' नावाची कादंबरी लिहिली होती, असे सांगतात. हे वाचून मी थोडा थांबलो. पिस्तूल हाती घेण्याआधी या मुलाने लेखणी हाती घेतली होती, आणि तीही मैत्रीवर लिहिण्यासाठी. आपल्या या वार्षिकांकासाठी वर्गातून लेख गोळा होतात, तेव्हा अनंत आपल्या वर्गात असता तर त्याचेही पान आले असते.

औरंगाबादेत काशिनाथ टोणपे आणि नाशिकचा गणू वैद्य यांच्यामार्फत अनंतचा नाशिकच्या गुप्त मंडळाशी संबंध आला. कृष्णाजी गोपाळ कर्वे हे त्या मंडळाचे प्रमुख. ते पदवीधर होते आणि कायद्याचा अभ्यास करीत होते. विनायक नारायण देशपांडे हे शिक्षक होते. म्हणजे विद्यार्थी आणि मास्तर यांचेच हे मंडळ. १९०९ हे साल धगधगते होते. जून महिन्यात बाबाराव सावरकरांना काही कवितांच्या प्रकाशनावरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा खटला नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी पुढे पाठवला होता. जुलैच्या पहिल्या तारखेला लंडनमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायली याला गोळ्या घातल्या आणि ऑगस्टमध्ये तो फासावर चढला. नाशिकच्या तरुणांच्या मनात जॅक्सनचे नाव पक्के झाले.

पण नुसत्या संतापाने काय होणार? हत्यार कुठून आणायचे? १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची मनाई होती, युरोपियनांना मात्र सूट होती. ही अडचण लंडनहून सुटली. विनायक दामोदर सावरकरांनी तेथून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे पाठवली. इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने ती आपल्या पेटीच्या खोट्या तळात दडवून १९०९ च्या आरंभी मुंबईला आणली. त्यांतलेच एक पिस्तूल पुढे अनंतच्या हाती आले.

या पिस्तुलाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. खिशात मावणाऱ्या पिस्तुलाची कथा नाशिकच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी हेन्री डेरिंजर नावाचा कारागीर होऊन गेला (१७८६-१८६८). त्याची छोटी पिस्तुले इतकी खपली की नकला करणाऱ्यांनी त्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्तीचे घालून बाजार मांडला, आणि अशा कुठल्याही चिमुकल्या पिस्तुलाला डेरिंजर हेच नाव पडले. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात बूथ या नटाने अब्राहम लिंकनवर गोळी झाडली, ती याच डेरिंजरच्या पिस्तुलातून. ते पिस्तूल आज त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. त्याचे चित्र पाहिले आणि मला आजाची बंदूक आठवली. तीच तोंडातून ठासायची नळी, तीच घोड्याखालची तांब्याची टोपी, आणि तोच एकुलता एक बार! तो बार काढल्यावर बूथचे पिस्तूल निकामी झाले आणि पुढे त्याने सुरा चालवला.

पुढे टोपीच्या जागी पितळी काडतूस आले. रेमिंग्टन कंपनीने १८६६ पासून १९३५ पर्यंत दोन नळ्यांचे डेरिंजर विकले. त्याला लागणारे पॉइंट एक्केचाळीसचे काडतूस नंतर बाजारातून गेले, आणि कितीतरी पिस्तुले धडधाकट असूनही काडतुसावाचून कपाटातल्या शोभेच्या वस्तू झाली. ब्राउनिंगचे पिस्तूल मात्र निराळ्याच पिढीचे. रचना अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगची, कारखाना बेल्जियममधला. मुठीत सरकणाऱ्या पेटीत सहा-सात काडतुसे, आणि एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत हजर. ठासणे नाही, टोपी नाही, थांबणे नाही. बूथपासून अनंतपर्यंत चव्वेचाळीस वर्षांत हत्याराने माणसाला विचार करायला मिळणारा तेवढा वेळही काढून घेतला होता. लिंकनचा खून आणि नाशिकची घटना यांची तुलना मला करायची नाही. एक जण गुलामगिरीच्या बाजूने उभा होता, दुसरा गुलामीच्या विरुद्ध. दोन नाट्यगृहे आणि दोन खिशातली पिस्तुले, एवढाच काय तो सारखेपणा.

डिसेंबरमध्ये जॅक्सन यांची नाशिकहून मुंबईस बदली झाली. निरोपादाखल २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचा 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठरला. बालगंधर्व त्या वेळी याच मंडळीत होते. देवलांचे हे नाटक म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी यांच्या लग्नावरचे. सारे शहर त्या रात्री तेथे लोटले असणार. साहेब बदलून गेला तर संधी जाईल, म्हणून मंडळाने हाच दिवस धरला. पहिला वार अनंतने करायचा. तो फसला तर कर्वे आणि देशपांडे तयार होतेच. काम झाल्यावर अनंतने स्वतःलाही संपवायचे असे ठरले होते.

जॅक्सन नाट्यगृहात आले आणि आपल्या जागेकडे निघाले, तोच अनंतने पिस्तूल काढून लागोपाठ गोळ्या झाडल्या. जॅक्सन कोसळले. लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी झडप घालून अनंतला पकडले, त्यामुळे स्वतःला संपवणे राहून गेले. हे सारे काही क्षणांत झाले. आजाला एक बार भरायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात एक आयुष्य संपले होते आणि दुसऱ्याचे दिवस मोजले गेले होते.

खटला मुंबईस चालला. अनंत, कर्वे आणि देशपांडे यांना फाशीची आणि इतर काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघांनाही फाशी देण्यात आले. गुन्हा करून चार महिनेही झाले नव्हते. प्रेते घरच्यांना दिली नाहीत असे सांगतात. पिस्तुलाचा हिशेब मात्र तेथे संपला नाही. पिस्तूल कोठून आले याचा माग काढत सरकार लंडनपर्यंत पोहोचले. चतुर्भुज अमीनने साक्ष दिली. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झाली, आणि ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप मिळाली. दोन्ही मिळून पन्नास वर्षे! तळहाताएवढ्या हत्याराने केवढी माणसे ओढून नेली हे पाहिले म्हणजे मन सुन्न होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती मी लिहू की नको, असे मला दोन दिवस वाटत होते. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये त्यांच्या अभ्यासाचा वाटा आहे. त्यांनी गोळा केलेल्या लोकसमजुतींच्या साहित्यावरून त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी गुजरात आणि कोकण यांवर दोन पुस्तके सिद्ध केली. त्यांतले दुसरे कोकणाचे, म्हणजे अनंतच्या मुलखाचे. अनंतच्या घरी ज्या देवाला नारळ फोडत असतील, ज्या झाडाखालून रात्री जायला पोरे भीत असतील, त्या गोष्टी या गोऱ्या साहेबाने आस्थेने लिहून घेतल्या होत्या. आणि याच साहेबाने बाबारावांचा खटला पुढे पाठवला होता. एकाच माणसात दोन्ही कसे मावते, हे मला अजून उमगलेले नाही. परंतु सरकारी खुर्चीतला माणूस स्वभावाने चांगला असला म्हणून परक्यांचे राज्य चांगले ठरत नाही, हेही तेवढेच खरे.

अनंतला मी हुतात्मा मानतो. नाशिकला त्याच्या नावाचे मैदान आहे आणि तेथे क्रिकेटचे सामने होतात. त्याच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण मला त्याचे धैर्य पिस्तुलाच्या चापापेक्षा नंतरच्या चार महिन्यांत जास्त दिसते. चाप ओढायला एक क्षण पुरतो. फाशीची तारीख ठाऊक असताना रोज सकाळी उठायला माणूस लागतो.

हे सारे मी नाशिकपासून फार दूर बसून लिहितो आहे. आमच्या सालेकसा स्टेशनवरून जाणारा रेल्वेचा रस्ता नागपूर, भुसावळ करीत नाशिकरोडला पोहोचतो खरा. पण मध्ये अख्खा महाराष्ट्र आहे. तरी ही कथा मला दूरची वाटत नाही. आमचा तालुका पुष्कळ वर्षे नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला. दरेकशाच्या बाजूच्या जंगलात बंदुका घेऊन फिरणारी मुले माझ्याच वयाची असत, आणि त्यांच्या मागावर गेलेली पोलिसांतली मुलेही फार मोठी नसत. रात्री गाडीचा आवाज आला की आई कडी लावून घेई. पारतंत्र्यातला अनंत आणि हे दिवस यांना मी एका तराजूत घालत नाही. अनंतपुढे मतपेटी नव्हती, ग्रामसभा नव्हती, आणि कविता छापणाऱ्याला काळे पाणी होते. माझ्यापुढे या तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. त्याने अठराव्या वर्षी जे दिले, त्यातूनच त्या मोकळ्या झाल्या आहेत. मग एकोणिसाव्या वर्षी मी हातात काय घ्यावे, हा प्रश्न मला पडतो, आणि त्याचे उत्तर देताना मला त्याची कादंबरी आठवते. ती पुरी वाढायला त्याला वेळ मिळाला नाही. मला मिळाला आहे.

डेरिंजरची काडतुसे बाजारातून गेली, ब्राउनिंगही संग्रहालयात गेले, आमची भरमार ठाण्यात गेली. हत्यारे जुनी होतात. पण निघालेला बार नळीत परत जात नाही, हे आजाचे सांगणे तेवढे जुने झालेले नाही. येत्या परीक्षेनंतर नाशिकला जायचे मनात आहे. विजयानंदपाशी थोडा वेळ उभा राहीन, अनंतला नमस्कार करीन, आणि जॅक्सनसाठीही क्षणभर थांबेन.