आर्मीनं न घेतलेला चाकू

ट्रेकच्या ग्रुपमध्ये एक जण तरी असा असतोच, ज्याच्या सॅकच्या छोट्या कप्प्यात पांढऱ्या क्रॉसचा लाल घडीचा चाकू असतो. त्याच्याविषयी बोलायला त्याला फक्त निमित्त हवं असतं. पातं उघडताना येणारा खट्ट आवाज तो ऐकवणार, पिकलेला टोमॅटो न चिरडता कापून दाखवणार, आणि शेवटी हा थेट स्विस आर्मीचा चाकू आहे, असं ठोकून देणार. पुढच्या वेळी त्याला जरा थांबवा. कारण हा चाकू ज्या डिझाइनमधून जन्मला, ते स्विस आर्मीनं कधी अधिकृतपणे घेतलंच नव्हतं. आणि ते बनवणारा माणूस त्याआधी आर्मीच्याच कामापायी कफल्लक झाला होता.

त्याचं नाव कार्ल एल्सेनर. जन्म 1860 चा, स्वित्झर्लंडमधल्या श्वीत्स परगण्यातला. वडील टोप्या बनवायचे. कार्लनं मात्र चाकू-सुऱ्यांचं काम शिकायचं ठरवलं. त्यासाठी तो पॅरिसला आणि दक्षिण जर्मनीतल्या टुटलिंगेनला राहिला. वस्तरे आणि सर्जरीची हत्यारं बनवताना हात तयार झाला.

आता, आज आपण ज्या स्वित्झर्लंडचे फोटो बघून उसासे टाकतो, ते त्या वेळी नव्हतं हं. डोंगराळ भाग, शेती तुटपुंजी, कारखाने मोजके. तरुण पोरं कामासाठी थेट अमेरिकेची वाट धरायची. कार्ललाही बाहेर राहणं जमलं असतं, कसब तर हातात होतंच. पण तो परत आला आणि 1884 मध्ये इबाख गावात त्यानं स्वतःचा वर्कशॉप उघडला. तेव्हा तो तुमच्यापेक्षा फार तर दोन-चार वर्षांनी मोठा असेल. यंत्रं चालायची ओढ्याच्या पाण्यावर. माल विकायला दुकानात आई होती, व्हिक्टोरिया.

तेवढ्यात एक मोठी संधी दिसली. स्विस आर्मीला प्रत्येक सैनिकासाठी घडीचा चाकू हवा होता. त्याला पातं हवं, भोक पाडायची आरी हवी, डबाबंद जेवण उघडायला टिन ओपनर हवा आणि नवी रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर हवा. पण एवढ्या संख्येनं चाकू बनवण्याची ताकद देशातल्या कोणत्याच वर्कशॉपमध्ये नव्हती. त्यामुळे पहिली ऑर्डर गेली जर्मनीतल्या झोलिंगेनला.

ही गोष्ट कार्लला खटकली. आपल्या सैनिकाच्या खिशातला चाकू बाहेरून का यावा? आणि ते काम इथंच झालं, तर गावातली पोरं गाव का सोडतील? त्यानं देशातल्या चाकू कारागिरांना एकत्र आणून 1891 मध्ये संघटना उभी केली. त्याच वर्षी त्यांचे पहिले चाकू आर्मीच्या हातात पडले.

इथंच स्टोरी संपली असती, तर ती मस्त मोटिव्हेशनल रील झाली असती. पण झोलिंगेनचे कारखाने मोठ्या प्रमाणावर माल काढायचे, म्हणून त्यांचा चाकू स्वस्त पडायचा. त्या भावात विकणं छोट्या कारागिरांना परवडेना. एकेक करत सगळे बाजूला झाले. कार्ल एकटा उरला, तोटा सोसत राहिला आणि होतं नव्हतं ते सगळं घालवून बसला. नातेवाइकांनी मदतीचा हात दिला, म्हणून दिवाळं निघता निघता वाचलं. हट्टाची किंमत अशी असते आणि ती बऱ्याचदा घरच्यांनाही मोजावी लागते, हे आपण विसरतो.

मग तो सावरला कसा? चाकू वापरणाऱ्याच्या खिशाचा विचार करून. सैनिकांचा चाकू दणकट होता, पण जड होता. कार्लनं अधिकाऱ्यांसाठी हलका, देखणा चाकू करायला घेतला. त्यात आणखी एक छोटं पातं घातलं, वर बाटलीचं बूच काढायला कॉर्कस्क्रूही. हत्यारं वाढवून वजन कमी कसं करायचं? इथं त्याचं डोकं चाललं. एकाच स्प्रिंगवर चाकूच्या दोन्ही बाजूंची हत्यारं बसतील, अशी रचना त्यानं केली. फक्त दोन स्प्रिंगांवर सहा हत्यारं! 12 जून 1897 रोजी या ऑफिसर्स नाइफची कायदेशीर नोंद झाली.

आर्मीनं तो आपल्या सामानाच्या यादीत घेतला नाही. पण अधिकारी स्वतःच्या खिशातले पैसे मोजून दुकानातून घ्यायला लागले. बघता बघता सैन्याशी संबंध नसलेले लोकही घ्यायला लागले. सरकारी ऑर्डरीनं बुडवलेल्या माणसाला साध्या गिऱ्हाइकांनी उभं केलं.

1909 मध्ये आई गेली. कार्लनं कंपनीला तिचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. ढालीतला क्रॉस हे चिन्हही त्याच वर्षीचं. 1918 मध्ये तो स्वतः गेला. तीन वर्षांनी त्याच्या वारसांनी चाकूला न गंजणारं स्टील वापरायला घेतलं. अशा स्टीलला फ्रेंचमध्ये थोडक्यात इनॉक्स म्हणतात. ते आईच्या नावाला जोडलं आणि व्हिक्टोरिनॉक्स तयार झालं. स्विस आर्मी नाइफ हे नाव तर त्याहून उशिराचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना मूळ जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी ते पाडलं.

म्हणजे आज जगभर चालणारी ही दोन्ही नावं कार्लनं कधी ऐकलीच नाहीत. तरी तुमच्या मित्राकडचा चाकू या कंपनीचा असेल, तर मोठं पातं उघडून मुठीजवळ बघा. बारीक अक्षरांत नाव कोरलेलं दिसेल. त्यातलं अर्धं नाव इबाखच्या दुकानात बसून चाकू विकणाऱ्या एका आईचं आहे.