बाळ पेटीत जाऊ नये म्हणून वढूला गेलेल्या डॉक्टर : बानूबाई कोयाजी

पुणे : बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, श्वास नीट घेईना, की शिरूर-खेडकडची गाडी पुण्याच्या रस्त्याला लागते. बाळाला काचेत ठेवलंय, एवढाच निरोप मग गावात येतो. रास्ता पेठेतलं केईएम हॉस्पिटल या भागातल्या कित्येक घरांना याच कारणानं माहीत आहे. हे हॉस्पिटल ४० खाटांवरून वाढवणाऱ्या डॉ. बानूबाई कोयाजी यांना जाऊन आता वीस वर्षं उलटली.

बानूबाईंचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. शाळेची वर्षं मात्र पुण्यात, आजोळी गेली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या, बाळंतपणाच्या शास्त्रात एम.डी. केलं. पती जहांगीर कोयाजी इंजिनिअर. दीर डॉ. एदलजी कोयाजी पुण्यातले नावाजलेले डॉक्टर. त्यांच्याच शब्दावरून १९४४ मध्ये बानूबाई केईएममध्ये आल्या. तेव्हा तो मुख्यतः बाळंतपणाचा छोटा दवाखाना होता. त्या आल्या त्या पन्नासहून जास्त वर्षं तिथंच राहिल्या, आणि १९९९ मध्ये जबाबदारी सोडली तेव्हा खाटा पाचशेच्या वर गेल्या होत्या.

या वाढीतच लहान मुलांचा विभाग आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. डॉ. आनंद पंडित यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी तो नावारूपाला आणला. गावाकडं पेटी म्हटलं की नुसतं काचेचं खोकं डोळ्यांसमोर येतं. पण तिथलं पहिलं औषध म्हणजे ऊब. दीड किलोच्या बाळाच्या अंगावर चरबीच नसते, ते बघता बघता गार पडतं आणि गार पडलं की श्वास, रक्तातली साखर सगळंच ढासळतं. फुप्फुसं कच्ची असतील तर यंत्रानं श्वासाला आधार, चोखता येत नसेल तर बारीक नळीनं आईचंच दूध, कावीळ असेल तर निळा दिवा. आठव्यापेक्षा सातव्या महिन्याचं बाळ चांगलं जगतं, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ पक्कं.

बाळ वाचलं, घरी गेलं, पुढं काय? हाही प्रश्न केईएमनं सोडला नाही. १९८७ ते १९८९ या काळात इथल्या अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा माग डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी पार अठराव्या वर्षापर्यंत ठेवला. पुष्कळ मुलं ठीक वाढली, पण सगळ्यांनाच शाळा सोपी गेली नाही. अठरा वर्षं त्याच मुलांना परत परत तपासणं हे काम किती चिकाटीचं, ते पत्ता बदललेल्या माणसाला शोधायला निघालेल्यालाच कळेल.

एवढं सगळं शहरात होत असताना बानूबाईंचं लक्ष मात्र गाडी जिथून निघते तिकडं होतं. पुण्यापर्यंत पोचणारे रुग्ण थोडे, आणि पोचतात तेही उशिरा, हे त्या रोज बघत होत्या. म्हणून १९७० च्या दशकात केईएम शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला गेलं. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं हेच ते वढू. कोरडवाहू, त्या वेळी दुष्काळानं हैराण झालेला भाग. डॉक्टर नेऊन बसवले की झालं, असं त्यांनी मानलं नाही. गावातलीच माणसं निवडून, थोडंफार शिकलेली असली तरी चालतील म्हणत, त्यांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं.

कामं दिसायला साधी होती. गरोदर बाईची नोंद, रक्तवाढीच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन बाळंतपणांत अंतर. पण नाळ मळक्या पात्यानं कापली आणि बाळाला धनुर्वात झाला, तर शहरातल्या सगळ्यात भारी पेटीलाही हात टेकावे लागतात. आईला वेळेवर दिलेलं इंजेक्शन तेच संकट दारातच अडवतं. पुढं १९८८ मध्ये बानूबाईंनी खेड्यातल्या तरुण मुलींच्या आरोग्यासाठी वेगळा प्रकल्प काढला. कोवळ्या वयात लग्न, अंगात रक्त नाही आणि लगेच दिवस राहिले, तर बाळ किलो-दीड किलोचं होणार, हे त्यांना बाळंतपणाच्या खोलीनं शिकवलं होतं.

केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो भरलं. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं वजनाला बरी होती. शेतात आणि घरात अंगमेहनतीचं काम जास्त, तिथं बाळ लहान. म्हणजे मेथीची जुडी आणि दुपारची विश्रांती यांचा हिशोबही बाळाच्या वजनकाट्यावर उमटतो. घरातल्या सासूबाईंनी आणि नवऱ्यानं हे वाचायला हवं.

बानूबाईंना १९८९ मध्ये पद्मभूषण आणि १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १५ जुलै २००४ रोजी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी देशात आशाताईंची योजना सुरू झाली. गावातलीच बाई, गावाच्याच आरोग्यासाठी. आज बाळंतपण दवाखान्यात झालं तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येऊन बाळाचं वजन, ताप, दूध पिणं तपासते. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी मोफत आहे.

वढूच्या दवाखान्यातून २००२ पासून आसपासच्या २२ गावांतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचं काम सुरू झालं. बाळ कुठल्या घरात आलं आणि कुठल्या घरातलं गेलं, ते त्या नोंदीत लिहिलं जातं.