गुरुवर्य बेंजामिन जोवेट

शिष्याची प्रगति वर्षाअखेरीस न पाहतां आठवड्याआठवड्यास पाहणारा गुरु विरळा. अशा एका गुरूचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

बेंजामिन जोवेट ह्यांचा जन्म १८१७ सालीं लंडनमधील कॅम्बरवेल येथें झाला. शिष्यवृत्ति मिळवून ते ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजांत गेले. १८३८ सालीं, स्वतः विद्यार्थी असतांनाच, त्यांची तेथें फेलो म्हणून निवड झाली व १८४२ सालीं ते ट्यूटर झाले. हातीं सोंपविलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा अभ्यास पाहणें हें ट्यूटरचें काम. सुटींतहि ते शिष्यांस बरोबर नेऊन अभ्यास करवीत. १८७० सालीं कॉलेजचे प्रमुख झाल्यावरहि विद्यार्थ्यांचे निबंध स्वतः ऐकण्याचा क्रम त्यांनीं सोडिला नाहीं. त्यांचे शब्द तिखट असत, पण लोभ खरा असे.

ह्या लोभाचा लाभ आपल्या इकडील एका ख्रिस्ती कन्येसहि झाला. नाशिक येथें जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कु. कॉर्नेलिया सोराबजी १८८९ सालीं ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेस तोंवर कोणी स्त्री बसली नव्हती. जोवेट त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. १८९२ सालीं विशेष परवानगीनें त्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र १९२२ सालीं हातीं आली. तो दिवस पाहण्यास गुरु नव्हते. १८९३ सालींच ते निवर्तले होते.

मुलांनो, शिक्षक वही मागतात तेव्हां रुसूं नका. उत्तम मेंढपाळ मेंढरें नुसतीं मोजीत नाहीं, एकेकास नांवानें ओळखतो.