वसईचे दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया



जुन्या करारातील इशायाच्या घरची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. शमुवेल संदेष्टा नव्या राजाचा अभिषेक करण्यासाठी आला, तेव्हा बापाने आपले सात मुलगे एकेक करून त्याच्यापुढे उभे केले. आठवा, सर्वांत धाकटा, रानात मेंढरे राखत होता. त्याला बोलावण्याची गरज घरात कोणालाच वाटली नव्हती. देवाने मात्र त्यालाच निवडले. पुढे गल्याथासमोर दाविदाच्या कामाला आली ती गोफण त्याने कुठल्या राजवाड्यात हाती घेतली नव्हती. कोणाच्या खिजगणतीत नसताना, मेंढरांमागे फिरताना त्याचा हात तयार झाला होता.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतील एका संताचे जीवन असेच आहे. दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती यांचा सण पाळते. रोमच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेत ज्यांची नावे ‘सोबती’ या एका शब्दात सामावली आहेत, त्यांत वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत. भारतात जन्मलेले हे पहिले संत.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई इथलीच, भारतीय. आज हे ऐकायला सोपे वाटते, पण त्या काळी अशा मुलाची जागा अवघड होती. पोर्तुगीज त्याला आपल्या बरोबरीचा मानत नसत आणि गावच्या लोकांना तो परक्याचा वाटे. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. तिथेच त्याच्या मनात प्रभूच्या सेवेची ओढ निर्माण झाली.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले होते. त्यांनी पेरलेले बी तेव्हा उगवत होते. युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना जपानी भाषा फार जड जाई. वसईच्या या मुलाने मात्र ती लवकर आत्मसात केली. लहानपणापासून दोन प्रकारच्या माणसांत वावरण्याची सवय इथे त्याच्या उपयोगी पडली असावी. सुमारे आठ वर्षे गोन्सालो यांनी तिथे धर्मशिक्षक म्हणून काम केले. मुलांना शिकवणे, आजाऱ्यांकडे जाणे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांपर्यंत पोहोचवणे, असे ते काम होते.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. त्या काळात पूर्वेकडील प्रांतांत भारतीय किंवा मिश्र रक्ताच्या तरुणांना संघात घेण्यास वरिष्ठ सहसा तयार नसत. ज्यांच्यासाठी तारुण्याची उमेदीची वर्षे दिली, त्यांच्या घरात आपल्याला जागा नाही, हे गोन्सालो यांना पचवावे लागले.

बंधू-भगिनींनो, इथे क्षणभर थांबू या. अशा वेळी माणसासमोर दोन वाटा असतात. एक वाट कडवटपणाची. ती धरली की माणूस आयुष्यभर झालेला अपमानच उगाळत बसतो. दुसरी वाट म्हणजे इतरांनी केलेली आपली किंमत खरी धरून गप्प बसण्याची. गोन्सालो या दोन्ही वाटांनी गेले नाहीत. ते व्यापारात शिरले. जपान, मकाव आणि आग्नेय आशियाची बंदरे यांच्यामध्ये तेव्हा मालाची मोठी ये-जा होती. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती आणि शब्दाला किंमत होती. त्यांच्या व्यापाराची भरभराट झाली. बंदराबंदरांवर त्यांचे मित्र झाले. बोलणी कशी करावी, कोणाशी कसे वागावे, कुठे बोलावे आणि कुठे थांबावे, हे ते या वर्षांत शिकले.

पण पैशाने मनाची ओढ भागली नाही. फिलिपाईन्समधील मनिला शहरात त्यांची फ्रान्सिस्कन संघाच्या बंधूंशी ओळख झाली. त्या बंधूंची गरिबी आणि आजाऱ्यांची सेवा पाहून गोन्सालो यांनी व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन झाले. तिथेही ते धर्मगुरू झाले नाहीत, साधे ब्रदर म्हणून राहिले. संघाच्या उतरंडीत ही पायरी खालची समजली जाई. ब्रदरला मिस्सा अर्पण करता येत नाही, पापनिवेदन ऐकता येत नाही. कालचा श्रीमंत व्यापारी आज मठातील पडेल ते काम करू लागला.

त्याच सुमारास जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे निरोप पाठवला की फिलिपाईन्सने आपले वर्चस्व मान्य करावे. त्याचे सैन्य तेव्हा कोरियात लढत होते, त्यामुळे हा निरोप थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. १५९२ मध्ये डॉमिनिकन धर्मगुरू हुआन कोबो यांना बोलणी करण्यास पाठवण्यात आले. परतीच्या वाटेवर ते मरण पावले आणि मनिलाला परतलेच नाहीत. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली दुसरे शिष्टमंडळ निघाले. पेद्रो बाप्तिस्ता विद्वान होते, पवित्र होते, पण त्यांना जपानी येत नव्हते. ती भाषा चांगली येणारा एक माणूस त्यांच्याच मठात होता, ब्रदर गोन्सालो.

अशा रीतीने वसईचा हा साधा ब्रदर हिदेयोशीच्या दरबारात उभा राहिला. ज्याच्या एका शब्दावर माणसांची डोकी उडत, त्याच्यासमोर स्पेनच्या वतीने जे काही बोलायचे, ते गोन्सालो यांच्या तोंडून बोलले जाणार होते. मैत्री मान्य आहे, मांडलिकत्व नाही, असा तो अवघड निरोप होता. शब्द जरा चुकला असता तर सर्वांचे प्राण गेले असते, आणि शब्द जरा गोड करून सांगितला असता तर निरोप खोटा ठरला असता. गोन्सालो यांनी तो खरेपणाने आणि आदब राखून पोहोचवला. हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. तरीही या फ्रान्सिस्कनांना त्याने राहू दिले.

पुढची तीन-चार वर्षे त्यांनी क्योतो शहरात घालवली. १५९४ मध्ये तिथे त्यांचे छोटे चर्च उभे राहिले. शेजारी गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने सुरू झाले. ज्या रोग्यांना शहराबाहेर टाकले जाई, त्यांच्या जखमा हे बंधू धूत. या सर्व कामात गोन्सालो यांच्यावाचून पान हलत नसे. अधिकाऱ्यांची परवानगी असो, रोग्याची विचारपूस असो वा नव्या भाविकांचे धर्मशिक्षण असो, शब्द त्यांचाच लागे. पद मात्र शेवटपर्यंत ब्रदरचेच राहिले. आपल्यावाचून कोणाचे चालत नाही हे कळल्यावर माणसाचा तोरा वाढतो. गोन्सालो यांनी ही ताकद इतरांना उंच करण्यासाठी वापरली.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने त्यावरील मौल्यवान माल जप्त केला. जहाजावरील एकाने स्पेनच्या ताकदीची फुशारकी मारली आणि मिशनरी हे राज्य बळकावणाऱ्यांचे पुढचे पाऊल असते असा समज त्यातून पसरला, असे सांगतात. हिदेयोशीचा रोष क्योतो आणि ओसाकातील ख्रिस्ती लोकांवर कोसळला. डिसेंबरमध्ये धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी २४ कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि त्यांची शहरातून धिंड काढण्यात आली. मग भर थंडीत नागासाकीपर्यंतचा सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास सुरू झाला. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात सामील केले गेले आणि संख्या २६ झाली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. त्यांवर वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक भारतीय होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा होता. भाल्यांनी भोसकून सर्वांना ठार करण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होते.

त्या २६ जणांत तीन येशूसंघीय होते, पॉल मिकी आणि त्यांचे दोन साथीदार. जपानमध्ये येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात बराच तणाव होता, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ज्या संघाने गोन्सालो यांना सामावून घेतले नव्हते, त्या संघाचे बंधू शेवटी त्यांच्याच रांगेत क्रुसावर होते. तिथे पोर्तुगीज कोण, मिश्र रक्ताचा कोण, धर्मगुरू कोण आणि ब्रदर कोण, हा हिशेब संपला.

१६२७ मध्ये त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या २६ रक्तसाक्षींना संतपद दिले. त्यांच्याच नावाने नागासाकीत ओउरा येथे चर्च बांधण्यात आले. मार्च १८६५ मध्ये जवळच्या गावातील काही साधी माणसे त्या चर्चमध्ये आली आणि आपणही त्याच श्रद्धेचे आहोत असे त्यांनी धर्मगुरूंना हळूच सांगितले. एकही धर्मगुरू नसताना, अडीचशे वर्षे छळ सोसत, त्यांनी घराघरांतून श्रद्धा जपली होती. जपानमधील ख्रिस्ती धर्म संपला असे जग समजून चालले होते. तो जिवंत ठेवला होता शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी आणि आयांनी. २००८ मध्ये संत अल्फोन्सा यांना संतपद मिळेपर्यंत, म्हणजे १४६ वर्षे, गोन्सालो हेच भारताचे एकमेव संत होते. वसईतील महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

प्रिय भाविकांनो, वसई आपल्या खान्देशापासून दूर आहे, पण गोन्सालो यांची गोष्ट जामनेरच्या प्रत्येक घरात पोहोचावी अशी आहे. आपल्या तालुक्यात तावडी, अहिराणी, गोरमाटी बोलणारी माणसे एकाच बाजारात भेटतात. कित्येक मुले शाळेत गेल्यावर घरची बोली लपवू लागतात, कारण त्या बोलीला लोक हसतात. गोन्सालो यांच्याकडे पाहा. दोन घरांचा म्हणून ज्याला कोणी आपला म्हटले नाही, तोच दोन देशांमध्ये बोलू शकला. तहसील कचेरीत आजीचे म्हणणे साहेबाला समजावून सांगणारी नात, दवाखान्यात तांड्यावरच्या बाईची वेदना डॉक्टरांना सांगणारा मुलगा, हेही दुभाषीच आहेत. त्यांचे काम लहान नाही. ज्या वस्तीवर धर्मगुरू रोज पोहोचू शकत नाहीत, तिथे माळेची प्रार्थना चालवणाऱ्या माउलीचे कामही लहान नाही.

ज्यांना आज कमी लेखले जाते, त्यांच्यासाठी गोन्सालो यांचा धडा असा आहे : कोणी विचारत नाही ती वर्षे वाया घालवू नका. त्या काळात शिका, माणसे जोडा, शब्द पाळा. मनात आकस ठेवू नका, कारण आकस धरलेल्या हातात दुसरे काही मावत नाही. आणि जे आज दुसऱ्याला कमी लेखतात, त्यांच्यासाठीही धडा आहे. घरात, धर्मग्रामाच्या समितीत, शेतावर आपण कोणाला रानात ठेवून बाकीच्यांनाच पुढे बोलावत आहोत का, हे प्रत्येकाने प्रभूसमोर तपासून पाहावे.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करावी. आपल्या घरात किंवा वस्तीवर ज्याचे मत सहसा कोणी विचारत नाही, अशा एका व्यक्तीला काही महत्त्वाचे विचारावे, आणि तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

हे प्रभो, तुझा सेवक गोन्सालो याला तू खालच्या जागेवर ठेवलेस आणि त्याच्या मुखातून तुझे कार्य केलेस. आम्हांलाही मिळालेल्या जागेवर विश्वासूपणे उभे राहण्याचे बळ दे. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.