ट्रेनमध्ये मिळालेल्या पुस्तकाने रागीट टिळकांना धीर धरायला लावलं

अंधेरी-बोरिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवरून रोज कुणाचं तरी डोकं फिरतं. आज ज्यांची गोष्ट सांगतोय, त्यांचं डोकं याहून लवकर फिरायचं. आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं तेही ट्रेनच्याच डब्यात.

हे टिळक लोकमान्य नव्हेत. हे कवी नारायण वामन टिळक. उपनगरातल्या मराठी चर्चमध्ये रविवारी भजनं ऐकली असतील, तर यांचे शब्द तुमच्या कानावर नक्की पडले असणार.

कोकणातल्या करजगावचा जन्म. वडील कडक. आई लवकर गेली आणि पोरगा घर सोडून नाशिकला आला. १८८० साली लक्ष्मीबाईंशी लग्न झालं, पण एका जागी टिकणं काही जमेना. नोकरी धरायची, सोडायची. राग आला की कुणाला न सांगता घराबाहेर निघून जायचं. मागे बायकोने शोधत बसायचं. राग उतरला की पश्चात्तापही तेवढाच मोठा!

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. तिथे येशू फक्त खुनाबद्दल बोलत नाही. भावावर रागावणाराही न्यायाला पात्र ठरतो, असं तो सांगतो. टिळकांसारख्या माणसाला हे किती टोचलं असेल, विचार करा.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांवर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. ही ताटातूट चार वर्षांहून जास्त काळ चालली.

खरी परीक्षा इथून सुरू झाली. लक्ष्मीबाई अहमदनगरला परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एरवी क्षुल्लक कारणावरून भडकणाऱ्या टिळकांनी इथे मात्र धर्माची सक्ती केली नाही. ते थांबले. जातपात माणसानेच केली, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे टिळक एकदम शांत झाले का? अजिबात नाही. संसारात ठिणग्या उडतच राहिल्या आणि त्याची झळ बहुतेक वेळा लक्ष्मीबाईंनाच बसली. धीर धरायला टिळक शिकले हे खरं, पण जास्त धीर बाईंनी धरला, असं मला तरी वाटतं.

चर्चच्या परदेशी वळणावरही टिळकांचा रोष होता. त्यावर त्यांनी भांडण कमी केलं आणि अभंग, कीर्तनं जास्त लिहिली. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडली.

९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार दफन न करता दहन झालं. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. १९३४ पासून त्यांच्या आठवणी 'स्मृतिचित्रे' या नावाने येऊ लागल्या. त्यात नवऱ्याचा राग त्यांनी कुठेही झाकला नाही. उलट बरेचदा हसत हसत सांगितला.