फ्रेडरिक फ्रॉस्ट ब्लॅकमन

फ्रेडरिक फ्रॉस्ट ब्लॅकमन (२५ जुलै १८६६ – ३० जानेवारी १९४७) हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रकाशसंश्लेषणाचा वेग ज्या अनेक घटकांवर अवलंबून असतो, त्यांपैकी त्या वेळी सर्वांत अपुरा पडणारा घटकच तो वेग ठरवतो, असे त्यांनी १९०५ मध्ये मांडले. हा सिद्धांत ‘मर्यादक घटकांचा नियम’ म्हणून ओळखला जातो.

जीवन

ब्लॅकमन यांचा जन्म लंडनमधील लॅम्बेथ येथे झाला. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात निसर्गविज्ञान शिकण्यासाठी गेले आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी केंब्रिजमध्येच व्यतीत केले. तेथे ते वनस्पतिशास्त्राचे प्रपाठक होते. १९३६ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांचे धाकटे बंधू व्हर्नन हर्बर्ट ब्लॅकमन हेही नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते.

पर्णरंध्रांवरील संशोधन

पान कार्बन डायऑक्साइड वायू नेमका कोठून घेते, यावर एकोणिसाव्या शतकात एकमत नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांच्या प्रयोगांमुळे हा वायू पर्णरंध्रे नसलेल्या पृष्ठभागातूनही आत जातो, असा समज रूढ झाला होता. ब्लॅकमन यांनी पानाच्या दोन्ही बाजूंची वायूंची देवाणघेवाण वेगवेगळी मोजता येईल असे उपकरण तयार केले. ही देवाणघेवाण जवळजवळ संपूर्णपणे पर्णरंध्रांतून होते, असे त्यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले. बूसँगो यांनी प्रयोगात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण नैसर्गिक प्रमाणापेक्षा फार जास्त ठेवले होते. त्यांच्या निष्कर्षातील विसंगतीचे मूळ तेथे होते.

मर्यादक घटकांचा नियम

यूलियुस झाक्स यांच्यापासून वनस्पतींच्या प्रत्येक क्रियेसाठी किमान, इष्टतम आणि कमाल असे तीन बिंदू शोधण्याची प्रथा पडली होती. परंतु निरनिराळ्या प्रयोगशाळांतून एकाच क्रियेची निरनिराळी इष्टतम तापमाने हाती येत. ब्लॅकमन यांच्या मते दोष मोजमापात नव्हता, प्रश्नातच होता. इतर घटक किती उपलब्ध आहेत हे सांगितल्यावाचून एका घटकाचे इष्टतम मूल्य सांगण्यास अर्थ उरत नाही.

या विचाराला आधार मिळाला तो त्यांच्या सहकारी गॅब्रिएल मॅथाई यांच्या मोजमापांतून. चेरी लॉरेलच्या पानांवर केलेले त्यांचे प्रयोग १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. भरपूर प्रकाश व भरपूर कार्बन डायऑक्साइड असताना तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की प्रकाशसंश्लेषणाचा वेग सुमारे दुप्पट होई. मंद प्रकाशात मात्र तापमान वाढवूनही वेग फारसा बदलत नसे. अधिक तापमानात आरंभीचा वेग टिकत नाही आणि वेळ जाईल तसा तो घसरतो, हेही त्यांच्या नोंदींतून दिसले. नियमाला नाव एकट्या ब्लॅकमन यांचे मिळाले, तरी त्याचा प्रायोगिक पाया बव्हंशी मॅथाई यांचा आहे. १९०५ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या. पुसा येथील गव्हाच्या वाणांवरील आणि नंतर इंदूर येथील त्यांचे शेतीसंशोधन प्रसिद्ध आहे.

१९०५ च्या निबंधात ब्लॅकमन यांनी पाच घटक गणले: कार्बन डायऑक्साइड, पाणी, प्रकाशाची तीव्रता, हरितद्रव्याचे प्रमाण आणि हरितलवकाचे तापमान. त्यांनी दिलेले उदाहरण आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. एखाद्या पानावर तासाला ५ घन सेंटिमीटर कार्बन डायऑक्साइड वापरता येईल इतकाच प्रकाश पडत असेल, तर वायूचा पुरवठा १ पासून ५ घन सेंटिमीटरपर्यंत वाढवताना वेग त्या प्रमाणात वाढत जाईल. त्यापुढे कितीही वायू दिला तरी वेग वाढणार नाही, कारण आता प्रकाश अपुरा पडत आहे. लीबिग यांचा ‘किमान घटकाचा नियम’ पिकाच्या एकूण वाढीविषयी होता. ब्लॅकमन यांनी तीच दृष्टी एका क्रियेच्या वेगाला लावली.

या मांडणीवर टीकाही झाली. आलेखात ब्लॅकमन यांना अपेक्षित असलेला तीव्र कोन प्रत्यक्ष मोजमापांत क्वचितच दिसतो. वक्ररेषा हळूहळू सपाट होत जाते. पानातील सर्व हरितलवकांना सारखा प्रकाश मिळत नाही आणि संक्रमणाच्या टप्प्यात दोन घटक एकाच वेळी वेगावर परिणाम करतात. म्हणून आज हा नियम काटेकोर सूत्र मानला जात नाही. उपयुक्त स्थूल नियम म्हणून तो वापरला जातो.

ब्लॅकमन अभिक्रिया

मंद प्रकाशात तापमानाचा परिणाम नाही आणि तीव्र प्रकाशात तो मोठा आहे, या निरीक्षणातून आणखी महत्त्वाचा निष्कर्ष निघाला: प्रकाशसंश्लेषण ही एकच अभिक्रिया नसून तिच्यात प्रकाशावर चालणारा एक टप्पा आणि सामान्य रासायनिक स्वरूपाचा दुसरा टप्पा असला पाहिजे. या दुसऱ्या टप्प्याला जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी ‘ब्लॅकमन अभिक्रिया’ असे नाव दिले. १९३२ मध्ये इमर्सन आणि अर्नॉल्ड यांनी क्लोरेला या शैवालावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकून दोन्ही टप्पे प्रयोगात वेगळे केले.

उत्तरकाळ

१९०६ मध्ये ब्लॅकमन रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९२१ मध्ये त्यांना रॉयल पदक मिळाले. उत्तरकाळात त्यांचे लक्ष वनस्पतींच्या श्वसनाकडे वळले. साठवलेल्या सफरचंदांच्या श्वसनावर त्यांनी ओडिशाचे प्राणकृष्ण परिजा यांच्यासह केलेले संशोधन १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. परिजा पुढे उत्कल विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.