श्री हेमाद्रिपंत : चरित्र व कार्य

काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की ते हेमाडपंती आहे असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्यांच्या नावावरून हा शब्द रूढ झाला, त्या हेमाद्रिपंतांची माहिती फार थोड्यांना असते.

हेमाद्रिपंत तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी होऊन गेले. त्यांच्या वडिलांचे नाव कामदेव. महादेवराव यादव (इ. स. १२६१ ते १२७१) यांच्या कारकिर्दीत ते श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचे प्रमुख होते. पुढे रामदेवरावांच्या राजवटीतही हे पद त्यांच्याकडेच राहिले. मोडी लिपी त्यांनीच प्रचारात आणली, अशी परंपरा सांगते. कारभाराचा एवढा व्याप सांभाळून त्यांनी व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे यांविषयीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. वैद्यकातील ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथावर टीका लिहिली. बोपदेवासारख्या पंडितास त्यांनी आश्रय दिला.

पंतांनी एका रात्रीत देवळे उभारली, अशा दंतकथा ठिकठिकाणी ऐकू येतात. वस्तुस्थिती निराळी आहे. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे, पंतांच्या दोनशे वर्षे आधीचे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिरही त्यांच्या पूर्वीचेच. अर्थात ही बांधणी पंतांनी शोधून काढलेली नव्हे. ती या मुलखातील पाथरवटांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होय.

या बांधणीत दगड जोडण्यास चुना वापरीत नसत. एका दगडास खाच, तर दुसऱ्यास तीत नेमका बसणारा उंचवटा ठेवीत. वरच्या दगडांच्या भाराने सांधे घट्ट राहत. प्रत्येक थर थोडा आत सरकवीत छत मिटवीत आणत. म्हणूनच असे देऊळ दुरुस्त करताना फार जपावे लागते. एक दगड निखळला की शेजारचे सैल होतात. दगडांवर क्रमांक घालून ते पुन्हा जागच्या जागी बसवावेत. सिमेंट व तैलरंगाखाली ही कारागिरी झाकू नये.

पंतांचे नाव सातशे वर्षे लोकांच्या तोंडी राहिले. दगड घडविणाऱ्या बहुतेक हातांची नावे मात्र कोठेच उरली नाहीत. जीर्णोद्धाराच्या मंगलप्रसंगी देणगीदारांच्या नामावलीशेजारी गवंडी व पाथरवटांची नावेही नोंदली जावीत. दप्तराचे प्रमुख असलेल्या हेमाद्रिपंतांचे तेच योग्य स्मरण ठरेल.